कॉलममधला कोनाडा

सुकन्या : आणि हा दिवा? हा कुणी लावला इथं?

बसवंत : दिवा व्हय... दिवा काकूंनी लावलाय मॅडम. सोमवार होता ना परवा.

सुकन्या : दिवा लावला त्याचं काही नाही, बसवंतराव. तो ठेवायला कॉलमच्या पोटात जागा कुठून आली, ते विचारतेय मी.

बसवंत : तुम्ही आधी पलीकडचे कॉलम बघा ना. ओळंबा लावून बघा. एक सूत इकडं न्हाई का तिकडं न्हाई.

सुकन्या : ते सगळे बघूनच इथं आले. एक नंबर काम आहे. काँक्रीट भरायच्या आधी तुम्ही सळयांभोवतीच्या रिंगांचे फोटो पाठवले होते ना, सगळी टोकं आत वळवलेली, ते मी लातूरच्या वर्गात दाखवले. म्हटलं, देवणीचा एक गुत्तेदार नवीन नियमानं काम कसं करतो बघा. फक्त या कॉलमचा फोटो आला नव्हता.

बसवंत : मोबाइलची बॅटरी उतरली होती.

सुकन्या : नेमकी याच कॉलमला?

बसवंत : बॅटरीला काय कळतंय मॅडम, कुठला कॉलम चाललाय ते.

सुकन्या : काकूंना बोलवा.

बसवंत : काकू चहा घेऊन येऊनच राहिल्यात. तवर मी सांगतो ना. तुम्ही ट्रेनिंगला शिकवलं, मी पहिल्या रांगेत बसलो. नऊ इंची कॉलम आता चालणार न्हाई, बारा पाहिजे. मी म्हणलं, मंजूर. इथं आलो तर मालक म्हणाले, बसवंत, भिंत नऊची अन् कॉलम बाराचा, म्हणजे तीन इंच कोपरा खोलीत घुसणार. माझं कपाट कुठं लावू? मी तुमच्या बाजूनं भांडलो. महादेवप्पा मालकासंगं! उभ्या देवणीत कुणी भांडत न्हाई त्यांच्यासंगं.

सुकन्या : माहीत आहे. काकांनी मला फोनवर तुमची तक्रार केली होती. मला बरं वाटलं होतं.

बसवंत : मग काकू म्हणल्या, बसवंत, तीन इंच जास्तीचे हाईतच, तर तेवढ्यात माझा कोनाडा बसव. मला पटलं. आजवर नऊ इंचावर घरं उभी राहिलीच की. म्हणजे वरचे तीन फुकटचे झाले ना?

सुकन्या : फुकटचे.

बसवंत : सरकारनं वाढवून दिलेले.

सुकन्या : कोनाड्यासाठी खोका केवढा ठेवला होता?

बसवंत : तीन इंचाचाच ठेवणार होतो. खरं सांगतो. पण काकूंचा नंदी बसंना.

सुकन्या : मग?

बसवंत : मग नंदी बसंल एवढा ठेवला.

उमादेवी : आधी चहा घे गं बाई. लातूरहून उन्हाची आलीस, अन् आल्या आल्या ह्याला फैलावर घेतलंस व्हय? बसवंत, हा तुझा बिनसाखरेचा. बघितलास का गं माझा नंदी? कपाळ बघ त्याचं. अस्सल देवणी बैलावाणी पुढं आलेलं.

सुकन्या : देखणा आहे, काकू. आणि जुना दिसतोय.

उमादेवी : माझ्या माहेरचा हाय. आता तुला सांगते, ह्या अख्ख्या बंगल्यात मी एकच गोष्ट मागितली. फरशी ह्यांच्या पसंतीची. ओटा सूनबाईच्या पसंतीचा. जिना कुठून काढायचा ते महांतेशनं पुण्यात बसून ठरवलं. मी म्हणलं, मला एक कोनाडा द्या. तर सगळे म्हणतात, नऊ इंची भिंतीत कोनाडा होत न्हाई, फळी ठोकून देतो. फळीवर देव बसवत असतेत का? मग तुझा हा नवा नियम आला अन् कॉलम जाड झाले. मी म्हणलं, बघा, देवालाच काळजी. तुझे नियम लई चांगले हाईत सुकन्या.

सुकन्या : काकू, हा कॉलम पाडावा लागेल.

बसवंत : मॅडम!

उमादेवी : काय म्हणाली ही?

बसवंत : काही न्हाई काकू, मॅडम उन्हाच्या आल्यात.

सुकन्या : पाडावा लागेल म्हटलं. जोत्यापर्यंत उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. अजून वर स्लॅब पडला नाही म्हणून हे जमतंय. एकदा स्लॅब पडला की मग इथं हात लावता येणार नाही.

बसवंत : अहो परवा स्लॅब हाय! मिक्सर सांगितलाय. माणसं सांगितलीत. जंगम स्वामी सकाळी सातला येणार, उदगीरचे पाहुणे येणार, हुग्गीच्या खिरीचे गहू कांडून ठेवलेत काकूंनी. अन् तुम्ही आज म्हणता पाडा?

सुकन्या : परवा म्हटलं असतं तर बरं झालं असतं?

बसवंत : तसं न्हाई. मी म्हणतो, बुजवून टाकतो ना. आज रात्रीत चांगला जाड माल भरतो, ते केमिकल लावतो चिकटायचं. वरून प्लास्टर. कुणाच्या बापाला कळणार न्हाई.

सुकन्या : घराला कळेल. रिंगा किती कापल्या?

बसवंत : रिंगा...

सुकन्या : खोका आत बसला म्हणजे रिंगा कापल्याच असणार. किती?

बसवंत : चार. अन् मधली उभी सळई जराशी बाजूला सारली.

सुकन्या : सारली म्हणजे?

बसवंत : वाकवली.

सुकन्या : मग बुजवून काय होणार, सांगा ना तुम्हीच. सिमेंट भराल, पण त्या चार रिंगा आत कशा घालाल? प्लास्टरच्या आत कापलेली रिंग कापलेलीच राहणार.

उमादेवी : थांबा थांबा. तुम्ही दोघं रिंगा-सळया करून राहिलात, अन् मी इथं उभी हाय. सुकन्या, मला सांग. मी ह्या कोनाड्यात हळदकुंकू लावलं, बेल वाहिला. जिथं देव बसला तिथं तू घण घालायला सांगतीस?

सुकन्या : हो काकू.

उमादेवी : हो म्हणती वर. तुझी आई अन् मी निलंग्याला एका बाकावर बसलो. ती असं तोंडावर बोलली नसती.

सुकन्या : आई बोलली नसती, खरंय. पण आई या घरावर सही करणार नाही, मी करणार आहे. सहीची भीती नाही घालत तुम्हाला. सही नाही केली तर तुम्ही दुसरा कुणीतरी आणाल, तो करून जाईल. पण घर हललं तर हा कॉलम इथून मोडेल. या कोनाड्यातूनच.

उमादेवी : घर हलणं तू मला शिकवू नको गं.

सुकन्या : काकू, मी...

उमादेवी : न्हाई, ऐक आता. तू जन्मली पण नव्हतीस. मी महांतेशच्या बाळंतपणाला माहेरी गेलते, तेरणेच्या काठाला. भूकंपाच्या त्या पहाटे माझी आई अव्वा, मी अन् हा मुठीएवढा महांतेश, ह्याच नंदीच्या कोनाड्याखाली निजलो होतो. डोळ्यापुढं सगळं घर बसलं. सगळं. तो एक कोपरा उभा राहिला. लोकांनी आम्हाला काढलं तेव्हा नंदी जिथल्या तिथं होता, कानाचा टवका पण उडाला नव्हता. माझा भाऊ शिवलिंग पलीकडच्या खोलीत होता. तो निघाला न्हाई. वीस वर्षाचा पोरगा.

बसवंत : काकू, बसा जरा. ही पाटी उलटी करतो, बसा.

उमादेवी : मी बरी हाय. तवापासून माझी ओढ हाय, घर बांधलं तर कोनाडा पाहिजे. कोनाड्यानं माझं लेकरू राखलं. आता त्याची लेक अक्षरा इथं राहायला येईल, ह्या खोलीच्या वरच तिची खोली हाय. तिला पण राखंल. अन् तू म्हणतीस पाड.

सुकन्या : काकू, एक विचारू? तुम्हाला तो कोपरा नीट आठवतो?

उमादेवी : माझा हात आठवतोय का विचारतीस.

सुकन्या : त्या कोनाड्यात हात घातला तर कुठवर जायचा?

उमादेवी : कोपरापर्यंत. अव्वा आत गुळाचा खडा लपवायची, तो काढताना बांगड्या अडकायच्या.

सुकन्या : आणि त्याच्या मागं भिंत किती उरायची?

उमादेवी : अजून तेवढीच असंल. दगडाच्या भिंती होत्या त्या, खिडकीत आडवं झोपता यायचं.

सुकन्या : आता इथं घाला हात.

उमादेवी : घातला.

सुकन्या : कुठवर गेला?

उमादेवी : मनगट बुडालं. थोडा वर.

सुकन्या : बसवंतराव, मागं किती उरलं?

बसवंत : चार बोटं.

सुकन्या : चार बोटांवर वरचे दोन मजले.

उमादेवी : म्हणजे भिंत जाड होती म्हणून आम्ही वाचलो म्हणतीस?

सुकन्या : नाही. तसं म्हटलं तर खोटं होईल. तुमच्या गावात सगळ्यांच्याच भिंती तेवढ्या जाड होत्या, काकू. त्या जाड भिंतींनीच माणसं गेली. शिवलिंगमामांच्या खोलीची भिंतही जाडच असणार.

उमादेवी : हाव. तीबी तेवढीच होती.

सुकन्या : म्हणून मी विचारतेय, त्या कोपऱ्यात आणखी काय होतं? कोनाड्याच्या वर, खाली. एखादा लांब दगड होता का?

उमादेवी : लांब दगड? वर एक होता की. त्याच्यावर अव्वा तेलाची बुधली ठेवायची. अन् खाली पण एक. खालचा तर लईच लांब, त्याचं टोक भिंतीतून पलीकडं गोठ्यात निघायचं. वासराचं दावं त्यालाच बांधायचो आम्ही. बाबा म्हणायचे, गवंड्यानं देवाचा कोपरा म्हणून निवडून दगड घातलेत.

बसवंत : आरपार दगड.

सुकन्या : काय म्हणालात?

बसवंत : आमचा आज्जा घालायचा. भिंतीचे दोन पदर असतेत, आतला अन् बाहेरचा, मधी नुसती माती अन् कपच्या. हलली की दोन पदर सुटतेत, आतला आत पडतो, बाहेरचा बाहेर. मधी मधी आरपार लांब दगड घातला की दोन्ही पदर एकमेकाला धरून राहतेत. पण लांब दगड घडवायला लई मेहनत. लोक टाळायचे.

सुकन्या : मग काकूंच्या कोपऱ्यात काय झालं असेल?

बसवंत : गवंड्यानं देवापायी मेहनत केली असंल. तेवढ्याच कोपऱ्याचे पदर एकमेकाला बांधलेले. म्हणून राहिला... मॅडम.

सुकन्या : बोला.

बसवंत : रिंग म्हणजे तेच काम करून राहिली ना?

सुकन्या : तेच. घर हललं की उभ्या सळया बाहेर फुगायला बघतात, आतलं काँक्रीट फुटायला बघतं. रिंग त्यांना कंबरेला धरते. सुटू देत नाही. तुम्ही टोकं आत वळवली, ती कशाला? धक्क्यात रिंग उघडू नये म्हणून. आणि बारा इंच कशाला? सळया नीट लांब लांब बसाव्यात, मधे काँक्रीट भरपूर राहावं म्हणून. ते तीन इंच फुकटचे नाहीत, बसवंतराव. सगळ्यात आधी तेच कामाला येणार आहेत. हे ट्रेनिंगमध्ये सांगायचं राहून गेलं का माझ्याकडून?

बसवंत : न्हाई, सांगितलं होतं तुम्ही. पण तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला आली होती.

सुकन्या : असं.

बसवंत : वांग्याच्या भाजीचा वास येऊन राहिला होता मॅडम. पहिल्या रांगेत लई येतो.

उमादेवी : बसवंत, इकडं बघ. माझ्याकडं. त्या कोपऱ्यात गवंड्यानं लांब दगड घातला म्हणून मी राहिले, माझं लेकरू राहिलं. अन् तू इथं तोच दगड काढून टाकलास, असं म्हणती का ही?

बसवंत : तसंच झालंय काकू. कोनाडा तुम्ही मागितला, पण कापायच्या आधी मॅडमला फोन करायचं माझं काम होतं. मी म्हणलं, तीन इंच तर हाईत. उगं कशाला विचारा.

उमादेवी : अन् मी म्हणलं, विचारलं तर न्हाई म्हणंल. म्हणून मीच तुला म्हणलं होतं, तिला सांगू नको.

बसवंत : ते मी सांगणार नव्हतो.

उमादेवी : मी सांगते ना. आपल्या दोघांची अक्कल सारखीच निघाली.

सुकन्या : काकू, मी तुमचं माहेर बघितलेलं नाही. तिथं नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बसवंतरावांचे आजोबा जे सांगायचे तेच आम्हाला कॉलेजात शिकवलं. बांधलेला कोपरा टिकतो. मला एवढंच कळतं, की या कोपऱ्यात आत्ता काहीच बांधलेलं नाही.

उमादेवी : आणि वर अक्षरा.

सुकन्या : आणि वर अक्षरा.

उमादेवी : फोन दे माझा. त्या खिडकीत ठेवलाय. ह्यांना सांगते.

बसवंत : मालकाला आत्ता नका सांगू काकू. आडतीवर सोयाबीनचे सौदे चालू असतेत ह्या वेळेला. लई चिडतील.

उमादेवी : म्हणून तर आत्ताच. सौदा चालू असताना माणूस कशालाबी हाव म्हणतो. हॅलो? हाव, मीच. ऐका, परवा स्लॅब न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. देवघराचा कॉलम परत भरायचाय. सुकन्या आलीय, ती सांगती म्हणून. बसवंतची चूक न्हाई एकट्याची, माझी पण हाय, ते घरी आल्यावर सांगते. पाहुण्यांना यायचं तर येऊ द्या ना, हुग्गी खाऊन जातील, स्लॅब काय ताटात वाढणार होतो का आपण? स्वामींना मी सांगते. ते दुसरा दिवस काढून देतील. दिवस काय, वर्षभर निघतच असतेत. तुम्ही सौदा बघा. ठेवते.

सुकन्या : काय म्हणाले काका?

उमादेवी : आधी म्हणाले काय? मग म्हणाले का? मग म्हणाले बरं. चाळीस वर्षं झाली, ह्याच क्रमानं म्हणतेत.

बसवंत : म्हणजे पाडायचा.

सुकन्या : किती दिवस लागतील, मोकळेपणानं सांगा. घाईनं सांगू नका.

बसवंत : आज उद्या उतरवतो. टेकू द्यावे लागतील बीमच्या फळ्यांना. रिंगा नव्या. ती वाकवलेली सळई?

सुकन्या : ती सरळ करून चालणार नाही. कापून नवी जोडायची. जोड कुठं द्यायचा ते मी काढून देते. आणि भरायच्या आधी फोटो.

बसवंत : बॅटरी चार्ज करून ठेवतो. भरल्यावर पाणी मारायला पाच-सात दिवस तरी द्या, मग स्लॅबचं बघू. मॅडम, अजून एक हाय. रागावू नका.

सुकन्या : अजून काय?

बसवंत : ह्या कोनाड्याला बघून गल्लीत दोघांनी मागितलाय. वीरेशशेठनी अन् सिंधुताईनी. वीरेशशेठचा पाया चालू हाय, तिथं काही न्हाई. पण सिंधुताईचा कॉलम उद्या सकाळी भरायचाय. खोका आत लावून ठेवलाय.

सुकन्या : रिंगा कापल्यात?

बसवंत : दोनच. त्यांचा देव लहान हाय.

सुकन्या : लावा फोन. आत्ता. खोका काढायला सांगा आणि दोन रिंगा नव्या घालायला सांगा. त्या कॉलमचा फोटो मला संध्याकाळपर्यंत पाहिजे.

बसवंत : सिंधुताई ऐकणार न्हाईत. म्हणतील, उमाकाकूला दिला अन् मला का न्हाई.

उमादेवी : सिंधुला मी बघते. संध्याकाळी तिला इथं आणून हा कॉलम फोडताना दाखवते. एकदा बघितलं की देवघरात फळी ठोकून घेईल गुमान.

सुकन्या : फळी कशाला काकू? कोनाडा पाहिजे ना तुम्हाला? या दोन कॉलमच्या मधे भिंत येणार आहे. ती भिंत घर उचलत नाही, नुसती आडोशाला आहे. तिच्यात काहीही करता येतं. तेवढाच भाग दुप्पट जाड विटांचा करू, वर काँक्रीटची आडवी पट्टी टाकू, भिंत दोन्हीकडून कॉलमला नीट अडकवून घेऊ. कोपरापर्यंत हात जाईल असा कोनाडा देते तुम्हाला.

उमादेवी : बांगड्या अडकतील असा?

सुकन्या : अगदी तसा.

उमादेवी : मग हे आधी का सांगितलं न्हाईस गं?

सुकन्या : आधी मला कुणी विचारलंच नाही. मला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना तुमचं?

उमादेवी : जीभ लई चालती हिची. बसवंत, बोलव तुझी माणसं.

बसवंत : त्यांना मी मघाच इशारा केला काकू. कुणी घण उचलून राहिलं न्हाई. म्हणतेत, पूजा झालेली जागा हाय, आम्ही न्हाई.

उमादेवी : हे बघ. माझा देव माझ्या गळ्यात हाय. लिंग गळ्यात कशाला बांधतेत? घर बदललं, गाव बदललं, सगळं गेलं तरी आपल्यासंगं राहावं म्हणून. मला ढिगातून काढलं तेव्हा अंगावर लुगडं धड नव्हतं, लिंग होतं. ते काय कॉलमला बांधलेलं न्हाई. अन् हा नंदी, हा मी उचलून घेतला. घे. आता हे नुसतं सिमेंट राहिलं. सांग त्यांना.

बसवंत : सांगायची गरज न्हाई. मीच घालतो पहिला घाव. माझंच काम हाय. आजवर स्वतःचं काम स्वतः फोडलेलं न्हाई मी, काकू. मालकांनी फोडायला लावलं न्हाई, इंजिनेरनी न्हाई.

सुकन्या : बसवंतराव, मी हे पण वर्गात सांगणार आहे.

बसवंत : काय? बसवंतनं कोनाडा केला म्हणून?

सुकन्या : कोनाडा तर सांगणारच, नावाशिवाय. आणि स्लॅब दोन दिवसांवर असताना एका गुत्तेदारानं स्वतः घण उचलला, ते नावासकट.

बसवंत : मग जेवणाच्या सुट्टीच्या आधी सांगा. नंतर कुणी ऐकत न्हाई. काकू, तुम्ही बाहेर जाता का? कपच्या उडतेत.

उमादेवी : मी इथंच बसणार. तू घाल.

(बसवंतचा घण कॉलमवर पडू लागतो.)

उमादेवी : लई घट्ट हाय की रे.

बसवंत : माझं काँक्रीट हाय काकू! सोपं फुटंल का?

सुकन्या : काँक्रीटला नावं ठेवायला जागाच नाही. काकू, थोडं मागं सरका. नंदी द्या माझ्याकडं, जड आहे.

उमादेवी : असू दे. सुकन्या, एक सांग मला.

सुकन्या : काय?

उमादेवी : शिवलिंगच्या खोलीच्या कोपऱ्यात लांब दगड नसंल, न्हाई का?

सुकन्या : नसावा, काकू. तुमचे बाबा म्हणायचे ना, देवाच्या कोपऱ्यापुरतेच निवडून घातले म्हणून.

उमादेवी : हाव. ती खोली मागून बांधलेली होती. घाईनं, दुसऱ्या गवंड्याकडून.

सुकन्या : मग नसणारच.

उमादेवी : तुला माहीत न्हाई. त्या साली शिवलिंग बाबांशी भांडला होता. गळ्यातलं लिंग काढून खुंटीला अडकवलं त्यानं. म्हणाला, मला पटत न्हाई, मी घालणार न्हाई. तरणं पोर, कॉलेजात जायचं, बोलून गेलं. दोन महिन्यांनी ते झालं. अन् सगळं गाव म्हणायला लागलं, देवाच्या कोपऱ्यातले राहिले, देव सोडलेला गेला. अव्वा पण तेच म्हणायची. रडायची अन् तेच म्हणायची, मरेपर्यंत.

सुकन्या : आणि तुम्ही?

उमादेवी : मीबी तेच धरून बसले. तोंडानं बोलले न्हाई कधी. पण मनात तेच. त्याचा राग यायचा मला. वाटायचं, का केलास रे असं, गळ्यात ठेवलं असतंस तर काय झालं असतं.

सुकन्या : काकू, त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

उमादेवी : न्हाई. पोरगं नुसतं झोपलं होतं.